घटातला गहू दिव्याकडे का झुकतो? घरी करून आणि मोजून पाहायचा पाच दिवसांचा प्रयोग

नवरात्रात घट बसतो, भोवतीच्या काळ्या मातीत गहू पेरला जातो आणि तिसऱ्या-चौथ्या माळेला पिवळट कोंब वर येतात. दसऱ्याला ते टोपीत खोवण्याइतके होतात. तोवर एक गोष्ट घडून गेलेली असते. सगळे कोंब एकाच बाजूला कललेले असतात. नंदादीप जिकडे असेल तिकडे, नाहीतर दारातून उजेड येत असेल तिकडे. घरातली माणसं त्यांच्याकडे बघून म्हणतात, "यंदा धान चांगलं आलंय" किंवा "मागच्या वर्षी याहून उंच होतं."

या दोन साध्या गोष्टींत दोन मोठे प्रश्न आहेत. कोंबाला डोळे नाहीत, मग तो दिव्याकडे वळतो कसा? आणि आपल्याला डोळे आहेत, पण "यंदा उंच आलंय" हे आपण कशाच्या बळावर म्हणतो? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोंबाच्या शेंड्यातून खाली वाहणाऱ्या ऑक्सिन नावाच्या संप्रेरकात आहे. ते वाहणं डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो एक-दोन मिलिमीटरचा फरक आणि थोडासा कोन, आणि नेमक्या इतक्या लहान फरकांच्या बाबतीतच आपली नजर चुकते. म्हणून मला हे दोन विषय वेगळे करावेसे वाटत नाहीत. शाळेच्या प्रकल्पासाठी हा प्रयोग करणारी मुलं बहुतेक वेळा कोंब नीट वाढवतात, शेंड्यांना उजेडापासून झाकणाऱ्या फॉइलच्या टोप्याही नीट घालतात, आणि शेवटी वहीत लिहितात, "जास्त वाकला", "कमी वाकला". सगळी मेहनत तिथे वाया जाते.

गहू निवडणं आणि भिजत घालणं

गहू वाण्याकडचा, खायचा घ्या. पेरणीच्या बियाण्याला अनेकदा औषध चोळलेलं असतं आणि त्यावर गुलाबी किंवा निळसर रंग असतो. ते मुलांच्या हाती देऊ नका. ज्वारी किंवा मका घ्यायचा मोह होतो, कारण त्यांचे कोंब जाड असतात. पण अंधारात या दोन्हींत कोंबाच्या म्यानाखालचा (म्यान म्हणजे कोवळ्या पानाभोवतीचं वेष्टण) देठासारखा भागही भराभर लांबतो, आणि नेमकं काय वाढलं याचा गोंधळ होतो. गहू उथळ पेरला तर ही अडचण फारशी येत नाही.

शंभर दाणे मोजून घ्या आणि सहा ते आठ तास भिजवा. मग पाणी काढून टाका आणि मटकीला मोड आणतो तसे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी ज्यांचं पांढरं टोक सारखंच बाहेर आलंय असे ऐंशी दाणे निवडा. या निवडीत घाई करू नका. इथे एक दिवस मागे राहिलेला दाणा पुढे सगळ्या तुलनेत खोटं बोलतो.

गहू भिजतोय तोवर डोळ्यांची परीक्षा

या सहा-आठ तासांत घरातल्या सगळ्यांना बसवून तीन छोटे प्रयोग करा. पुढे मोजताना कुणी "अहो, नजरेनंच कळतंय की" म्हणालं, तर हेच प्रयोग उपयोगी पडतात.

पहिला नाण्यांचा. एक रुपयाची दोन सारखी नाणी टेबलावर वीतभर अंतरावर ठेवा. एका नाण्याभोवती हरभऱ्याचे दाणे जवळजवळ मांडा, दुसऱ्याभोवती पाच-सहा स्टीलच्या वाट्या. आता वरून बघा. दाण्यांमधलं नाणं मोठं वाटतं, वाट्यांमधलं लहान. हा भ्रम हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या नावानं ओळखला जातो. गंमत म्हणजे नाणी सारखी आहेत हे माहीत असूनही तो जात नाही. कोंबांचंही असंच होतं. खुरट्या कोंबांमधला मध्यम कोंब आपल्याला जोमदार वाटतो, आणि तोच उंच कोंबांत ठेवला की मागे पडलेला दिसतो.

दुसरा काड्यांचा. आगपेटीच्या दोन सारख्या काड्या घ्या. एक आडवी ठेवा आणि तिच्या बरोबर मध्यावर दुसरी उभी, म्हणजे उलटा टी होईल. उभी काडी लांब दिसते. उभ्या रेषेची लांबी आपण जास्त धरतो, आणि आडवी रेषा मधोमध तुटल्यासारखी झाल्यानं ती आणखी तोकडी वाटते. आपल्या प्रयोगात याचा अर्थ सरळ आहे: ताठ उभा कोंब लांब वाटणार आणि वाकलेला कोंब, तेवढाच लांब असूनही, आखूड वाटणार. "वाकलेल्यांची वाढ कमी झाली" असा चुकीचा निष्कर्ष मुलं काढतात, त्यामागे हे एक कारण असतं.

तिसरा हातांचा, आणि माझ्या मते सगळ्यांत सुंदर. एक हात पूर्ण लांब करा, दुसरा त्याच्या निम्म्या अंतरावर धरा, दोन्ही तळवे स्वतःकडे. दोन्ही हात जवळपास सारखेच वाटतात. आता एक डोळा मिटा आणि जवळचा हात लांबच्या हातावर सरकवत न्या. तो त्याला पुरता झाकून टाकतो! डोळ्याच्या पडद्यावर जवळच्या हाताची प्रतिमा दुप्पट मोठी असते, पण मेंदू अंतराचा हिशेब करून दोन्हींना सारखं ठरवतो. रोजच्या जगण्यात ही मोठी सोय आहे, नाहीतर दारातून आत येणारा माणूस फुगत चालल्यासारखा दिसला असता. कॅमेरा मात्र हा हिशेब करत नाही. त्यामुळे मोबाइल थोडा जवळ नेऊन काढलेल्या फोटोत कोंब खरोखरच मोठा येतो, आणि दोन दिवसांच्या दोन फोटोंची तुलना निरर्थक होते.

यात एक मर्यादाही धरा. दोन रेषांच्या लांबीत शेकडा दोन-तीन फरक असेल तरच तो सहसा नजरेला कळतो. तीस मिलिमीटरच्या कोंबात याचा अर्थ जेमतेम एक मिलिमीटर. आपल्याला हवे असलेले फरक अनेकदा त्याच काठावरचे असतात.

पेरणी आणि अंधार

चहाचे कागदी कप घ्या आणि तळाला भोक पाडा. त्यांत धुतलेली वाळू किंवा ओलं कोकोपीट भरा. वाळू मला जास्त आवडते, कारण कोंब तिच्यात ताठ उभा राहतो. प्रत्येक कपात चार दाणे, खाचेची बाजू खाली, वर फक्त अर्धा-एक सेंटिमीटर वाळू. सगळ्या कपांत खोली सारखीच हवी.

कप एका खोक्यात ठेवा, खोक्याला आतून काळा कागद लावा आणि ते कपाटात ठेवा. पाणी बेताचं द्या. गहू पाण्याअभावी क्वचितच मरतो, जास्त पाण्यानं मात्र कुजतो. वीस ते पंचवीस अंश तापमान उत्तम, म्हणून हा प्रयोग नवरात्रापासून माघापर्यंत केलेला बरा. मे महिन्यात मी तो एकदा केला होता. निम्मे दाणे बुरशीनं गेले.

पेरल्यापासून तीन-चार दिवसांत दोन ते तीन सेंटिमीटरचे फिकट कोंब मिळतात. जे दिसतं ते पान नव्हे. ते पानाभोवतीचं म्यान असतं, त्याला कोलिऑप्टाइल म्हणतात. आपला सगळा प्रयोग या म्यानावर आहे. ज्या कोंबाचं पान म्यान फोडून बाहेर आलं, तो बाद करा. मोह होईल, तरी बाद करा.

तपासताना दिवा लावावाच लागला तर अगदी मंद लाल लावा. कोंबाला वळवणारा उजेड निळा असतो आणि तो टिपणाऱ्या प्रथिनांना फोटोट्रॉपिन म्हणतात. लाल उजेडाकडे कोंब वळत नाही, मात्र त्याच्या वाढीवर थोडा परिणाम होतो. म्हणून तो सगळ्या कपांना सारखाच मिळू द्या.

टोप्या घालणं

इथे आपण १८८० मध्ये चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोगच पुन्हा करतोय. त्यांनी कॅनरी गवताचे कोंब घेतले होते, आपण गहू घेतलाय. साठ सरळ कोंब निवडा आणि बारा-बारांचे पाच गट करा.

पहिल्या गटाला हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या शेंड्यावर फॉइलची टोपी. तिसऱ्यावर तशीच टोपी, पण अन्न झाकायच्या पारदर्शक फिल्मची. चौथ्याचा शेंडा उघडा ठेवून खालच्या भागाला फॉइलचं वेष्टण. पाचव्याचा वरचा तीन मिलिमीटर शेंडा धारदार ब्लेडनं कापायचा, आणि हे काम मोठ्यांनी करायचं.

तिसरा गट अनेकजण गाळतात, आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. तो नसेल तर फॉइलखालचा कोंब उजेड न मिळाल्यानं सरळ राहिला की टोपीच्या भारानं आणि चिमटल्यानं, हे तुम्ही सांगूच शकत नाही.

टोपी करायला फॉइलची एक सेंटिमीटर रुंद पट्टी टूथपिकभोवती एकदाच गुंडाळा, वरचं टोक पिळा आणि हळूच सरकवून काढा. फॉइलचे दोन-तीन थर झाले की कोंब भारानं कलतो. टोपी शेंड्यावरून सहा-सात मिलिमीटर खाली आली की पुरे.

कपांवर गटाचं नाव लिहू नका. तळाला फक्त आकडा घाला आणि कोणता आकडा कोणत्या गटाचा हे वेगळ्या कागदावर लिहून तो कागद घडी घालून ठेवा. याचं कारण मोजताना कळेल.

उजेड

खोक्याच्या एका बाजूला कोंबांच्या उंचीवर दोन सेंटिमीटरचं भोक पाडा आणि बाहेर हातभर अंतरावर एलईडीचा छोटा दिवा ठेवा. तापणारा बल्ब नको. एका वेळी थोडेच कप, भोकासमोर आडव्या रांगेत, एकाची सावली दुसऱ्यावर पडणार नाही असे ठेवा. उजेड मंदच ठेवा. झगझगीत दिव्यात म्यानाचा खालचा भागही थोडाफार उजेड टिपतो आणि गटांमधला फरक पुसट होतो.

दीड, तीन आणि पाच तासांनी फोटो काढा. कापलेल्या गटाचा निकाल याच वेळात घ्या. काही तासांनी कापलेल्या टोकाखालचा भाग शेंड्याचं काम थोडंफार करू लागतो. दुसऱ्या दिवशी बघाल तर तो कोंबही झुकलेला दिसेल आणि तुम्ही कोड्यात पडाल.

मोजणं

फोटो काढायची जागा ठरवा. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर टेकवा, कप ठेवायच्या जागेवर खडूनं खूण करा आणि कोंबाला अगदी लागून मिलिमीटरची पट्टी उभी करा. पट्टी कोंबाच्या मागे दोन बोटं राहिली तरी माप चुकतं. झुम करू नका, लेन्स कोंबाच्या उंचीवर ठेवा, आणि उजेड कोंबाच्या डाव्या किंवा उजव्या बाजूनं येत होता तसाच फोटोत दिसू द्या. समोरून काढलेल्या फोटोत वाकलेला कोंब सरळच दिसतो.

कोनासाठी फोटोवर दोन रेषा काढा: एक कोंबाच्या बुडाच्या सरळ भागातून, दुसरी शेंड्याच्या भागातून. त्यांच्यातला कोन कोनमापकानं मोजा. लांबीसाठी शिवणाचा दोरा फोटोतल्या कोंबाच्या वळणावरून फिरवा आणि मग तो पट्टीवर सरळ करा. फोटोतल्याच पट्टीवर, टेबलावरच्या नव्हे.

हे मोजणारा माणूस टोप्या घालणाऱ्यापेक्षा वेगळा हवा. फोटोआधी टोप्या आणि वेष्टणं हळूच काढून घ्या, म्हणजे त्याला गट ओळखता येणार नाहीत. कापलेला शेंडा लपत नाही, तो दोष वहीत नोंदवून ठेवा. प्रत्येक कोंब दोनदा मोजा. दोन मापांत तीन अंशांहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. प्रत्येक गटाचे बारा कोन चढत्या क्रमानं लिहा आणि मधल्या दोघांची सरासरी घ्या. एखादा मुळातच वेडावाकडा कोंब सगळ्या बारांची सरासरी बिघडवतो, मधली किंमत मात्र फारशी हलत नाही. सगळं लिहून झाल्यावरच घडी घातलेला कागद उघडा.

हा एक क्षण मला दर वेळी आवडतो. पहिला, तिसरा आणि चौथा गट झुकलेला निघतो, दुसरा आणि पाचवा जवळपास सरळ. म्हणजे उजेड पाहतो तो शेंडा, पण वाकतो खालचा भाग. मधे काहीतरी निरोप खाली जातो.

तो निरोप कसा जातो

डार्विनांना त्या निरोपाचं नाव माहीत नव्हतं. डॅनिश शास्त्रज्ञ पीटर बॉयसेन येन्सन यांनी कोंबाच्या अंधाऱ्या बाजूला अभ्रकाचा पातळ तुकडा खुपसला, आणि वाकणं थांबलं. तोच तुकडा उजेडाच्या बाजूला खुपसला तर कोंब वाकतच राहिला. म्हणजे निरोप सावलीच्या बाजूनं उतरतो. १९२६ मध्ये नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला फ्रिट्स वेंट यांनी ओटचे कापलेले शेंडे आगारच्या, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीच्या, तुकड्यांवर ठेवले, आणि मग नुसता आगारचा तुकडा शेंडा छाटलेल्या कोंबाच्या एका कडेला बसवला. अंधारात, उजेडाशिवाय, कोंब वाकला. निरोप हा पदार्थ होता, आणि तो आगारमध्ये उतरला होता. त्या पदार्थाला ऑक्सिन म्हणतात. रसायनशास्त्रात तो इंडोल अ‍ॅसेटिक आम्ल.

ऑक्सिन शेंड्याकडून बुडाकडेच का जातं, हे कळायला पेशीची भिंत आणि पेशीचं पोट यांतला फरक पुरतो. भिंत आंबट असते, सामू साधारण साडेपाच. आतला रस जवळपास उदासीन, सामू सातच्या आसपास. भिंतीच्या आंबटपणात ऑक्सिनच्या शंभरातल्या पंधराएक रेणूंवर विद्युतभार नसतो, आणि असे रेणू पेशीच्या पडद्यातून थेट आत शिरतात. बाकीच्यांना आत घेणारी वेगळी प्रथिनं असतात. आत आल्यावर मात्र जवळपास प्रत्येक रेणूवर भार चढतो आणि तो अडकतो. बाहेर पडायला पिन नावाच्या प्रथिनांची दारं लागतात, आणि ही दारं मुख्यतः पेशीच्या खालच्या बाजूला बसवलेली असतात. आत कुठूनही या, बाहेर खालूनच जा. अशा हजारो पेशी एकाखाली एक रचल्या की प्रवाहाला दिशा मिळते. (पिन हे नाव टाचणीवरूनच आलंय. हे प्रथिन बिघडलेल्या रोपाचा फुलोरा नुसत्या टाचणीसारखा बोडका येतो.) एका बाजूनं उजेड पडला की शेंड्याजवळ हा प्रवाह सावलीकडे वळतो, तिथल्या पेशी जास्त लांबतात आणि कोंब उजेडाकडे झुकतो.

या प्रवाहाचा वेग तासाला साधारण एक सेंटिमीटर असतो. म्हणजे तीन सेंटिमीटरच्या कोंबात शेंड्याचा निरोप बुडाशी पोचायला तीनएक तास. म्हणूनच दीड तासाच्या फोटोत वळण वरच्या भागात दिसतं आणि पाच तासांच्या फोटोत ते खाली सरकलेलं असतं. हे स्पष्ट बघायचं असेल तर उरलेल्या वीस कोंबांपैकी पाचांवर, उजेडात ठेवण्याआधी, शाईत बुडवलेल्या दोऱ्यानं दर तीन मिलिमीटरला बारीक खुणा करा. नंतर दोन्ही बाजूंच्या खुणांमधलं अंतर मोजा. सावलीच्या बाजूचं अंतर जास्त वाढलेलं सापडेल, आणि कोणत्या दोन खुणांमधे ते सर्वांत जास्त वाढलं हेही कळेल. ऑक्सिन डोळ्यांनी दिसत नाही. त्याची वाट मात्र अशी पट्टीनं दिसते. जगदीशचंद्र बोसांनी वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ बनवला होता. तो आपल्याकडे नाही, तरी खुणांमुळे आपलं काम भागतं.

उरलेल्या कोंबांचं काय करायचं

दोन-तीन कप आडवे करून पूर्ण अंधारात ठेवा. काही तासांत कोंब वर वळतात. इथे उजेड नाही, गुरुत्व आहे. पेशींमधले पिष्टाचे जड कण खालच्या बाजूला जमतात आणि ऑक्सिन खालच्या कडेला जास्त जातं. मोजायची पद्धत तीच.

बागेत किंवा शेतात हाच प्रवाह पाहायचा असेल तर शेंडा खुडून बघा. शेवंतीचा, तुळशीचा किंवा तुरीचा शेंडा खुडला की बाजूचे डोळे फुटतात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. शेंड्यातून उतरणारं ऑक्सिन बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं, असं पुस्तकात असतं. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये मटारावर दाखवलं की, शेंड्यापासून लांबचे डोळे ऑक्सिन कमी झाल्याची बातमी तिथवर पोचण्याच्या आधीच जागे होतात. तासाला एक सेंटिमीटर या वेगानं ती बातमी तिथे पोचूच शकत नाही. आधी पोचते साखर: शेंडा गेल्यावर त्याच्या वाट्याची साखर डोळ्यांकडे वळते. तुम्ही तुळशीवर हे करणार असाल तर दोन सारखी रोपं घ्या, एकाचा शेंडा खुडा आणि दोन्हींवरच्या ठरावीक पाच डोळ्यांची लांबी रोज एकाच वेळी, त्याच पट्टीनं, शक्यतो त्याच माणसानं मोजा.

आणि पुढच्या नवरात्रात घटाला हात लावू नका. घटात पेरताना त्याच गव्हाचे वीस दाणे, तसलीच काळी माती घातलेल्या वेगळ्या वाटीत पेरा आणि ती वाटी नंदादीपापासून घटाइतक्याच अंतरावर ठेवा. शेजारी पट्टी उभी करा, मोबाइलची जागा ठरवा, आणि रोज माळ घातल्यावर एक फोटो काढा. पाचव्या माळेला वाटी अर्धी फिरवा, म्हणजे कललेली बाजू दिव्याच्या विरुद्ध होईल, आणि पुढच्या पाच तासांत दर तासाला कोन मोजा.